चारशे एक बात

बाबा ऑगस्टमध्ये गेले. जानेवारीतल्या थायलंडच्या सहलीचे पैसे त्यांनी एप्रिलमध्येच भरले होते. विमानाचं तिकीट नवं काढावं लागेल, पण हॉटेल आणि पाच दिवसांचं गोल्फ दुसऱ्याच्या नावावर करून देतो, असं एजंटने कळवलं. बाबांचे मित्र विनेशकाका म्हणाले, "मग तूच चल. निदान तिघं तरी होऊ." मी हो म्हटलं. गोल्फ मला बाबांनीच शिकवलं होतं, आधी नागावच्या किनाऱ्यावर ओहोटी असताना आणि मग खारघरच्या मैदानावर. मी वाईट खेळते, पण फटके मोजताना खोटं बोलत नाही, एवढं ते माझ्याबद्दल लोकांना सांगायचे.

बाबा उरणकडचे. घरचं मिठागर होतं. बंदर आलं, जमीन गेली, मोबदल्यातून पहिला ट्रेलर आला. पुढे कंटेनर वाहण्याचा धंदा वाढला आणि बावन्नाव्या वर्षी त्यांनी गोल्फची काठी हातात घेतली, कारण जहाज कंपन्यांचे साहेब तिथे भेटायचे. ऑफिसात माणूस दहा मिनिटांत उठून जातो, मैदानावर चार तास कुठे जाईल, असं त्यांचं गणित होतं. साहेब बदलत गेले, खेळ राहिला. आई गेल्यावर काही महिन्यांनी त्यांच्या तीन मित्रांनी त्यांना ओढून थायलंडमधल्या हुआ हिनला नेलं आणि तेव्हापासून करोनाची दोन वर्षं सोडता चौघं दर जानेवारीत जात होते. बाबा, अलिबागला हॉटेल चालवणारे विनेशकाका, निवृत्त मुख्याध्यापक बाळाजी म्हात्रे आणि पनवेलचे परेशभाई, ज्यांची लाकडाची वखार आहे.

तिथल्या सगळ्या कॅडी बायका. गणवेश, पाठीवर नंबर, चेहरा उन्हापासून झाकलेला. प्रत्येक खेळाडूला एक कॅडी मिळते. ती बॅग सांभाळते, चेंडू शोधते, अंतर सांगते आणि आपण चुकलो तर दुसरीकडे बघते. काउंटरवर कॅडीचे म्हणून पैसे घेतात, पण तिची खरी कमाई म्हणजे खेळ संपल्यावर हातात दिलेली टिप. ती किती द्यावी यावर इंटरनेटवर माणसं पानंच्या पानं भांडतात. बाबांनी पहिल्याच वर्षी तिथल्या चलनातला आकडा ठरवून टाकला होता. चारशे एक बात.

वरचा एक आईचा. आमच्याकडे हळदीला, लग्नाला आहेराची पाकिटं आई भरायची आणि नोटांबरोबर एक रुपयाचं नाणं टाकायची. शून्यावर संपलेली रक्कम कुणाच्या हातात द्यायची नाही. बाबा अलिबागहून आहेराची पाकिटं आणायचे, चौघांच्या टिपा इथे नागावच्या घरी बसून भरायचे, पाकीट न चिकटवता नुसतं दुमडायचे आणि गठ्ठा परेशभाईंकडे सोपवायचे. सहलीचा खर्च परेशभाईंकडे असायचा. रोज सकाळी ते चार पाकिटं वाटायचे.

या जानेवारीत बाबा सहलीहून परतले ते गप्प होते. चार दिवसांनी जेवताना म्हणाले, "परेश माझ्या पाकिटांतली नाणी काढून घेतो. त्याच्या बॅगेत चेंडू ठेवायची टी शोधत होतो, तर कप्प्यात एक एक बातची बारा नाणी. तीन दिवसांची बरोबर बारा."

"मग?"

"मग काय. नाश्त्याला सगळ्यांसमोर म्हटलं, परेश, कमी पडत होते तर मागायचे."

"ते काय म्हणाले?"

"काही नाही. उठून गेला."

बाबांनी पुन्हा त्यांचं नाव काढलं नाही. परेशभाई अंत्यविधीला आले नाहीत, तेराव्यालाही नाहीत. पंचवीस वर्षांची मैत्री आणि एक बातची नाणी. मी लहानपणापासून त्यांना परेशकाका म्हणत आले होते. ते म्हणणं मी मनातल्या मनात बंद केलं.

नोव्हेंबरमध्ये मी पाकिटं भरायला बसले. तिघांची, पाच दिवसांची, म्हणजे पंधरा. नोटा मुंबईहून बदलून आणल्या होत्या, पण नाणी कुणी देत नाही. बाबांच्या खणात सहलीहून उरलेली अकराच निघाली. मी विनेशकाकांना फोन करून विचारलं, तुमच्याकडे सुटी आहेत का.

ते हसले. "माझ्याकडे कुठली? साठा सगळा पनवेलला."

तासाभराने त्यांनी चौघांच्या जुन्या ग्रूपवर टाकलं, "नेत्राला एक बातची चार नाणी हवीत. ज्याच्याकडे साठा असेल त्याने सेवेला हजर व्हावं." खाली डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारे तीन चेहरे. विनेशकाकांनी बाबांच्या जागी मला त्या ग्रूपमध्ये घेतलं होतं. परेशभाई वर्षभर त्यात काही बोलले नव्हते, पण बाहेरही पडले नव्हते. हे विनेशकाका विसरले असतील किंवा नसतील.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी घरी कामाला असलेली कृष्णाबाई मागच्या वाडीतून नारळ गोळा करून आली ती सांगत, "त्यो पनवेलचा शेठ आलाय. गाडी तिकडं लांब लावलीन आनि झाडाखाली उभा हाय. फाटक उघडं हाय म्हनलं, तरी येत न्हाय."

"येऊ दे."

"च्या ठेवू का न्हाय ठेवू?"

"ठेव."

"साखर घालू?"

"कृष्णाबाई."

"इचारलं आपलं," असं म्हणत ती आत गेली.

मी त्यांना ओटीवरच खुर्ची दिली. ते बारीक झाले होते. इकडच्या तिकडच्या गोष्टी त्यांनी काढल्या नाहीत, बाबांबद्दलही काही बोलले नाहीत.

"पाकिटात नाणी टाकू नकोस, बेटा. एवढं सांगायला आलो."

"का?"

"तिथे वाईट दिसतं."

त्यांनी चहाचा कप उचलला आणि पुन्हा बशीत ठेवला.

"पहिल्या वर्षी, पहिल्या दिवशी, आम्ही चौघांनी तुझ्या बाबांनी, दिनाभाईने भरलेली पाकिटं दिली. माझ्या कॅडीने उघडून बघितलं. नोटा बघितल्या, नाणं बघितलं आणि तिचा चेहरा पडला. मोडक्या इंग्रजीत मला विचारते, साहेब, माझं काय चुकलं? मला कळेना. मग तिने सांगितलं, वर एक नाणं ठेवलं की आम्ही समजतो गिऱ्हाईक नाराज आहे. तोंडावर टाकल्यासारखं. आता तिथे सगळे असं मानतात का, मला माहीत नाही. पण त्या बाईला तसं वाटलं, मला तेवढं पुरे होतं. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी खोलीत बसून नाणी काढून ठेवायचो आणि मग पाकिटं वाटायचो."

"आठ वर्षं?"

"हो."

"बाबांना का नाही सांगितलं?"

"सांगणार होतो. त्याच संध्याकाळी. पण दिनाभाई बाळाजीला समजावत होता की हा वरचा एक कसा सुचिताभाभीचा आहे. भाभीला जाऊन चार महिने झाले होते. त्या सहलीत तो फक्त तेवढ्याबद्दल बोलत होता, बाकी गप्प. मग पुढच्या वर्षी सांगू म्हटलं. पुढच्या वर्षी तो म्हणाला, बघ, आपल्या कॅडी किती खूश असतात, हा त्या एकाचा गुण. आता काय सांगू?"

"पण त्या दिवशी नाश्त्याला. तेव्हा तरी बोलायचं होतं."

"काय बोलायचं होतं? की मी चोर नाही, तू आठ वर्षं त्या बायकांचा अपमान भरून पाठवत होतास आणि मी तो काढत होतो? सगळ्यांसमोर? रागही आला होता. खोटं कशाला बोलू. पंचवीस वर्षांनी माणूस मला विचारतो, कमी पडतात का. म्हटलं, बस आता. स्वतःच येईल एक दिवस. मे महिन्यात फोन करणार होतो. नंतर जूनमध्ये."

मी लगेच विश्वास ठेवला नाही. बाबा चुकले असतील असं वाटायला मी तयार नव्हते, आणि मेलेल्या माणसाला साक्षीला बोलावता येत नाही, हे समोरच्यालाही ठाऊक असतं. मी मोबाइल स्पीकरवर ठेवून विनेशकाकांना लावला. परेशभाई इथे बसलेत हे सांगितलं नाही.

"काका, तुमच्या पहिल्या सहलीत, पहिल्या दिवशी, पाकीट दिल्यावर तुमच्या कॅडीने काय केलं, आठवतं का?"

"दहा वर्षं झाली त्याला. का गं?"

"नाण्याचं काही आठवतं?"

"अरे हां, तिने नोटा खिशात घातल्या आणि नाणं बग्गीच्या सीटवर ठेवून गेली. मी मागून हाका मारतोय, अगं तुझं राहिलं. मला वाटलं मोड परत करत्येय. प्रामाणिक बाई." ते हसले. "नंतर कधी कुणी तसं केलं नाही."

"कारण नंतर त्यात नाणं नव्हतं," मी म्हटलं आणि ऐकलेलं सगळं सांगितलं.

विनेशकाका म्हणाले, "मग तो गाढव बोलला का नाही?"

"समोरच बसलेत. विचारा."

"परेश?"

"बोल."

"मला तरी सांगायचंस, हलकटा."

"तुझ्या तोंडात राहिलं असतं?"

"नसतं राहिलं," विनेशकाका म्हणाले. "कालचं ते ग्रूपवरचं मी गमतीत टाकलं होतं."

"मला माहीत आहे."

"गंमत नव्हती ती," असं म्हणून विनेशकाकांनी फोन ठेवला.

मी ग्रूप उघडला. परेशभाईंनी बघितलं. "तिथे काही टाकू नकोस, बेटा. विनेशला कळलं, पुरे झालं. दिनाभाई गेला. आता त्याला चुकीचा कशाला ठरवायचा?"

ते मनापासून म्हणत होते. आणि तेच सोयीचंही होतं. विनेशकाका बाळाजीसरांना कधीतरी सांगतील, थोडं वेगळं करून, आणि बाबा होते तसेच राहतील, भिंतीवरच्या फोटोतल्यासारखे. पण नाश्त्याचं ते वाक्य बाबा चार माणसांत बोलले होते. कालचा विनोद लिहून टाकलेला होता आणि अजून तिथेच होता. पनवेलला वखारीत बसून या माणसाने तो वाचला होता.

मी आधी लिहिलं, गैरसमज झाला होता. ते खोडलं. गैरसमज म्हटलं की तो कुणी केला हे सांगावं लागत नाही. मग लिहिलं, "बाबांच्या पाकिटातलं नाणं तिथल्या कॅडींना अपमानासारखं वाटायचं. बाबांना वाईट वाटू नये म्हणून परेशकाका पहिल्या वर्षापासून ते गुपचूप काढून ठेवायचे. बाबांनी त्यांना सगळ्यांसमोर जे ऐकवलं, ते चूक होतं. बाबांच्या वतीने मी माफी मागते."

"बाबा" आणि "चूक" हे दोन शब्द एका ओळीत बघून मला थोडा वेळ थांबावं लागलं. मग पाठवलं.

परेशकाकांनी आपला फोन काढून ते वाचलं. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

दहा मिनिटांनी ग्रूपवर बाळाजीसरांचा आवाज आला. ते कधी लिहीत नाहीत, वर्गात बोलावं तसं फोनमध्ये बोलतात. "परेश, मी त्या दिवशी त्याच टेबलावर होतो. मी ऑम्लेट खात राहिलो. मान वर करून एवढंही म्हटलं नाही की दिनानाथ, जरा थांब, आधी विचारू. माफी नेत्राने नाही, मी मागायला हवी. चौथी जागा रिकामी आहे. आम्ही कुणाला विचारलेलं नाही."

"बघू," परेशकाका म्हणाले. "पासपोर्ट मार्चमध्ये संपतोय. जायला निदान सहा महिने शिल्लक लागतात."

"तत्काळमध्ये नवा होतो," मी म्हटलं.

"बघू म्हटलं ना."

कृष्णाबाई दारात येऊन उभी होती. तिने त्यांच्या पुढचा गार झालेला कप उचलला. "दुसरा आनते. व्हय का?"

"आण," ते म्हणाले. "आणि साखर असू दे."

तिने माझ्याकडे बघितलं आणि आत गेली.

मी पाकिटांचा गठ्ठा ओटीवर आणला. भरलेल्या अकरा पाकिटांतली नाणी आम्ही दोघांनी मिळून काढली. ते झरझर काढत होते, दुमड न मोडता, अंगठ्याने पाकीट जरा दाबून. सवयीचा हात दिसत होता.

"किती घातलेस?" त्यांनी विचारलं.

"चारशे."

"पाचशे कर. चारशे आता कमी पडतात. तीन वर्षं दिनाभाईला सांगत होतो. म्हणायचा, पाचशे एक हा लग्नाचा आकडा आहे, कॅडीचा नाही. वाद घालायला गेलं की म्हणायचा, तू लाकडं विक."

मला हसू आलं. अगदी असंच ते म्हणाले असते, मान थोडी तिरकी करून, आणि मग तासभर कुणाचं ऐकलं नसतं. ऑगस्टपासून घरी आलेल्या प्रत्येकाने मला सांगितलं होतं की बाबा किती मोठ्या मनाचे होते. ते हट्टी होते, हे कुणी म्हटलं नव्हतं. हसता हसताच डोळे भरून आले. परेशकाका पाकिटांकडे बघत राहिले.

"गाडी आत घ्या," मी म्हटलं. "रस्त्यात उभी आहे."

ते चावी घेऊन उठले. मी कागदावर हिशोब मांडला. पाचशेप्रमाणे, चौघांची पाकिटं धरून, आणखी चार हजार बात लागणार होते.