घुबडावर पाय पडला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना गालिचा आहे. जुन्या वस्तू सगळ्यांना क्षमा करतात असं तुम्ही वाचलं असेल. मी तसा नाही. मला सूड हवा होता, तो मी घेतला आणि त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही.

माझा जन्म १९६२ साली क्वेबेकमधल्या सांत-ओदील गावात झाला. तिथल्या कागद कारखान्याच्या कामगारांनी त्याच्या दहा वर्षं आधी आइस हॉकीचा संघ काढला होता. त्याचं नाव पांढरी घुबडं. तुमच्याकडे घुबडाचं नाव काढलं की लोक तोंड वाकडं करतात. आमच्याकडे पाद्रीबाबासुद्धा घुबडांच्या विजयासाठी मेणबत्ती लावत. संघ व्यावसायिक झाला त्या वर्षी, खेळाडूंचे कपडे सांभाळणाऱ्या क्लेमांसने लाल लोकरीवर पांढरं घुबड शिवलं आणि मला खेळाडूंच्या खोलीत मधोमध अंथरलं.

नियम एकच. घुबडावर पाय द्यायचा नाही. सगळे भिंतीला खेटून जात. एकदा नवख्या गोलरक्षकाची टाच माझ्या कडेला लागली.

"डोळे घरी ठेवून आलास का रे?" क्लेमांस कडाडली. "अख्खं गाव आहे ते!"

बिचारा आठवडाभर सगळ्यांचे मोजे धूत होता. अडुसष्ट साली संघाने चषक जिंकला, तेव्हा धिप्पाड मिशाळ गडी माझ्याभोवती फेर धरून रडले. तोल जाऊन कुणीही माझ्यावर पडला नाही. गालिचा असून मी पायाखाली आलो नव्हतो, याचा मला फार गर्व होता.

मग मोस्यो द्युफ्रेन या धनाढ्य गृहस्थांनी संघ विकत घेतला. "घुबडं इथून हलणार नाहीत," असं ते चर्चच्या पायरीवर उभं राहून बोलले. चौऱ्याण्णव साली, एका रविवारी सारं गाव प्रार्थनेला गेलेलं असताना चार ट्रक आले. काठ्या, गणवेश, चषक, भिंतीवरचे फोटो, सगळं दक्षिणेत, अमेरिकेतल्या एका उष्ण शहरात गेलं. तिथल्या लोकांना बर्फ फक्त सरबतात ठाऊक. द्युफ्रेनने माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "हे राहू दे. तिकडे नवं करून घेऊ."

गावातलाच तरुण खेळाडू यानिक त्यांच्याबरोबर गेला. घुबडाचा नियमही तो तिकडे घेऊन गेला.

क्लेमांसने मला गुंडाळून तळघरात ठेवलं. सात वर्षं मी तिथे धुमसत होतो. लोकर जळत नाही लवकर, पण आतून मी पेटलेलाच होतो.

गावाने जिद्दीने नवा संघ उभा केला आणि घुबडं खेळत त्याच स्पर्धेत उतरवला. हंगामाच्या शेवटच्या सामन्यात समोर आली ती आमचीच घुबडं! जिंकेल तो पुढे जाणार होता. तीनपैकी दोन डाव झाले, दोन-दोन अशी बरोबरी. पाहुणे विश्रांतीला खोलीत गेले. तेवढ्यात क्लेमांसने मला काखोटीला मारून आणलं आणि त्यांच्या दारासमोरच्या अरुंद बोळात पसरलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मी पुरलो. मैदानावर जायला दुसरी वाट नव्हती.

घंटा झाली. दार उघडलं. कप्तान झालेला यानिक पहिल्याच पावलाला थबकला. मागचे त्याच्यावर आदळले.

"मावशी, हे काय केलंस?"

"तुमचंच घुबड आहे. जा की."

"बुटांखाली धारदार पाती आहेत गं! कसं जाऊ?"

मागची दक्षिणेतली पोरंही पाय उचलेनात. यानिकने त्यांनाही हाच नियम शिकवला होता. पंचाची शिटी वाजली. तेवढ्यात द्युफ्रेन बाहेरून धावत आले.

"खोळंबलात कशाला? फडकं आहे ते! तुडवा!" असं ओरडत, बर्फाच्या चिखलाने माखलेला बूट त्यांनी थेट घुबडाच्या तोंडावर ठेवला आणि चालत आत आले.

मला दुखलं. खोटं कशाला सांगू? एकोणचाळीस वर्षांचा माझा मान त्या एका पावलात गेला. पण यानिकचा चेहरा मी खालून पाहिला आणि मला गुदगुल्या झाल्या. आपण कुणाबरोबर गाव सोडलं, हे त्याला त्या क्षणी कळलं होतं.

त्याने गुडघे टेकले आणि हातमोजे काढून मला हळूहळू गुंडाळलं. द्युफ्रेन किंचाळत राहिले, त्याने मान वर केली नाही. घुबडं मैदानावर उशिरा उतरली. पंचाने शिक्षा दिली, दोन मिनिटं एक खेळाडू कमी. त्याच दोन मिनिटांत आमच्या पोरांनी गोल केला आणि तीन-दोनने सामना जिंकला. यानिक पुढच्या हंगामात दक्षिणेत गेला नाही.

आता मी गावच्या हॉकीगृहात भिंतीवर आहे. शाळेतली मुलं मला बघायला येतात आणि त्यांच्या बाई म्हणतात, "किती मळलाय हा! धुवायला हवा."

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं प्रत्येक जुनी वस्तू तुम्हाला सांगते. मीही सांगतो. मला कसर लागू देऊ नका, उन्हात टाकू नका. पण घुबडाच्या तोंडावरचा तो बुटाचा ठसा मात्र धुऊ नका. त्याच्या शेजारी क्लेमांसने द्युफ्रेनचं नाव शिवलं आहे.