नऊ नंबरची भाषा

"लांबचं म्हणजे किती लांबचं ऐकू येतं यावर?" मावशींनी विचारलं.

रेडिओवाल्याने काउंटरवर तीन रेडिओ मांडले होते. त्याने उलट विचारलं, कुठलं स्टेशन हवंय? मावशी म्हणाल्या, तेच तर माहीत नाही. बरं, भाषा कुठली? तीही माहीत नाही. तेव्हा त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं आणि त्यांना बसायला स्टूल दिलं. गाण्यांसाठी रेडिओ नेणारे रोज यायचे. असं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटत होतं.

मावशी बंदराजवळच्या सरकारी इस्पितळात, हाडांच्या वॉर्डात सव्वीस वर्षं होत्या. बेडपॅन देणं, अंग पुसणं, चादरी बदलणं, हात धरून पहिली चार पावलं चालवणं. सख्ख्या बहिणीला मुलं दोनच, पण मावशी म्हणणारे गावभर झाले होते. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी नऊ नंबरच्या खाटेवर एक खलाशी आला. मालवाहू बोटीच्या शिडीवरून पडून त्याचं मांडीचं हाड मोडलं होतं. बोट दोन दिवस थांबली आणि निघून गेली. कागदांवर बोटीचा देश एक होता, कंपनीचा दुसरा, आणि त्याचं नाव असं लिहिलेलं की प्रत्येक जण ते वेगळं वाचायचा. वॉर्डने त्याला 'कप्तान' करून टाकलं. डॉक्टरांनी तीन भाषांतून विचारून पाहिलं, बंदरावरच्या कारकुनाने आणखी दोन. सगळ्यांना त्याने मान हलवून नकार दिला. आधी अदबीने, नंतर नुसताच. पायाला वजनं टांगलेली, त्यामुळे कूसही बदलता येत नव्हती. त्याने तोंड तेवढं भिंतीकडे फिरवलं ते फिरवलंच. जेवण दोन घासांवर आलं.

वॉर्डची सिस्टर एकदा म्हणाली, हाड जुळेल हो मावशी, पण माणूस टिकायचा नाही.

त्या दिवशी मावशींच्या डोक्यात रेडिओ आला. सिस्टरला ते खूळच वाटलं. असे किती पेशंट येतात आणि जातात, याचंच एवढं काय, असं तिने विचारलं. मावशी पट्ट्यांच्या घड्या घालत होत्या. त्या थांबल्या नाहीत.

"माझा थोरला भाऊ परमुलखात कामाला होता," त्या म्हणाल्या. "तिकडेच इस्पितळात गेला. त्याच्या सोबत्याचं पत्र आलं. शेवटचे चार दिवस तो सारखा बोलत होता म्हणे, पण तिथं कुणाला आपली भाषा येत नव्हती. काय बोलला असेल, ते मी तीस वर्षं मनाशी जुळवत बसलेय."

डॉक्टरांची परवानगी सिस्टरनेच काढली.

रेडिओवाल्याला हे सगळं सांगून झालं तेव्हा त्याने पहिला, सर्वांत देखणा रेडिओ उचलून परत फळीवर ठेवला. तो विजेवर चालणारा. वॉर्डात खाटेजवळ प्लग कुठला? दुसरा खिशात मावेल एवढा होता, पण त्याची शॉर्टवेव्हची सगळी पट्टी एवढीशी. "बोटभर जागेत शंभर स्टेशनं कोंबलीत," तो म्हणाला, "काटा केसभर सरकला की देश बदलला." तिसरा सेलवर चालणारा, विटेएवढा. त्यात शॉर्टवेव्हची पट्टी सात भागांत वाटलेली आणि काटा अगदी हळू सरकवायला बाजूला आणखी एक बारकी चकती. इयरफोनही होता. दिसायला मात्र ठोकळा आहे, असं त्याने जरा ओशाळून सांगितलं.

"मला कुठं मिरवायचाय," मावशी म्हणाल्या.

दुकानात ट्यूबलाइट होती, तिची घरघर येते म्हणून तो त्यांना मागच्या पायरीवर घेऊन गेला. एरियल ओढून त्याने चकती कशी धरायची ते दाखवलं. आठ हात वायरही दिली, आणि ती खिडकीच्या गजाला बांधून बाहेर सोडा म्हणाला. सकाळी लागलेलं स्टेशन संध्याकाळी लागेलच असं नाही. दिवेलागणीची वेळ बरी. आणि घाई करायची नाही, भाजीत चिमटीने मीठ घालतो तसं फिरवायचं.

मावशींची ड्यूटी चारला संपायची. त्या दिवसापासून त्या घरी जायच्याऐवजी चहा घेऊन नऊ नंबरपाशी बसू लागल्या. पहिल्या संध्याकाळी नुसती खरखर. मध्येच शिट्टी, मध्येच तेलात काहीतरी पडल्यासारखं चर्र. कप्तानाने एकदा वळून पाहिलं आणि पुन्हा भिंत धरली. सात नंबरचे आजोबा म्हणाले, मावशी, यापेक्षा माझं घोरणं बरं. मग इयरफोन कप्तानाच्या कानात गेला, आणि तेव्हापासून मावशींना स्वतःला काहीच ऐकू येईना. त्या चकती फिरवायच्या आणि त्याचा चेहरा बघायच्या. ताप पाहायला पाऱ्याकडे बघावं, तसं.

दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी काही चेहरे त्यांना ओळखू येऊ लागले. गाणं लागलं की भुवई जरा वर जाई. भाषा परकी निघाली की पापणी मिटे. एखादी भाषा जवळपासची असावी, कारण तेव्हा तो कपाळाला आठी घालून ऐके आणि मग मान हलवी. शेजारच्या गावातला माणूस भेटला, पण घरचा नाही, असं काहीसं. मावशी एका जुन्या तक्त्याच्या पाठीवर पेन्सिलीने काट्याच्या जागा लिहीत होत्या. चौथ्या दिवशी कप्तानाने इयरफोन स्वतःच कानात घातला. पाचव्या दिवशी तो भिंतीकडे वळलाच नाही; चार वाजल्यापासून दाराकडे बघत होता, असं सात नंबरने सांगितलं.

आठव्या दिवशी संध्याकाळी, पट्टीच्या पाचव्या भागात, मावशींची चिमटी सरकली आणि कप्तानाने त्यांचं मनगट धरलं. इतकं घट्ट, की बांगडी रुतली. त्या हलल्या नाहीत. त्याचे ओठ हलत होते, कुणाच्या तरी बोलण्यामागून. मग तो एकदम हसला, दात दिसतील असा. इयरफोन काढून त्याने तो मावशींच्या कानाशी धरला. आत एक बाई अगदी सावकाश काहीतरी वाचत होती. हवामान असेल, नाहीतर बाजारभाव. मावशींना एक अक्षर कळलं नाही. "हो ना?" एवढंच त्या म्हणाल्या. त्याने जोरजोरात मान डोलावली आणि मग डोळ्यांवर आडवा हात घेऊन बराच वेळ पडून राहिला. मनगट सोडलं नव्हतं, त्यामुळे मावशींचा चहा गार झाला.

त्या दिवशी त्याने ताट रिकामं केलं.

मग रोजचं ठरूनच गेलं. ते स्टेशन पाऊण तास लागे आणि मग विरत जाई. ते विरलं की कप्तान मावशींना दिवसभराच्या बातम्या सांगे, त्याच्या भाषेत, हातवारे करून. मावशी त्यांच्या भाषेत वॉर्डच्या बातम्या देत: बारा नंबरच्या सुनेने आज भांडण काढलं, नव्या डॉक्टरला प्लास्टर धड कापता येत नाही. एकाचं दुसऱ्याला कळत नसे आणि दोघांनाही त्याची अडचण नव्हती. सिस्टर म्हणायची, कितीतरी नवरा-बायकोंचं याहून बरं चालत नाही.

वजनं निघाली. कुबड्या आल्या. तो दारापर्यंत गेला, मग जिन्यापर्यंत.

अडीच महिन्यांनी कंपनीचा माणूस आला. त्याच्याच देशाकडे जाणाऱ्या एका बोटीत जागा झाली होती, आणि ती दुपारीच सुटणार होती. कप्तानाने कागदावरचं बंदराचं नाव दोनदा वाचून घेतलं. मग त्याने रेडिओ पुसून मावशींपुढे धरला. मावशींनी तो त्याच्या पिशवीत कपड्यांमध्ये घातला. त्याने बाहेर काढला, त्यांनी पुन्हा आत घातला.

"वीस दिवसांची वाट आहे," त्या कंपनीच्या माणसाला म्हणाल्या. "बोटीवर याच्याशी कोण बोलणार?"

गाडी फाटकात उभी होती. कप्तानाने कुबड्या भिंतीला टेकवल्या, मावशींचे दोन्ही हात हातांत घेतले आणि बोलायला लागला. कंपनीच्या माणसाने दोनदा घड्याळ पाहिलं. कप्तान मध्ये थांबे, आठवून पुढचं सांगे; एका ठिकाणी आवाज बारीक झाला, एका ठिकाणी तो हसला. मावशींनी सगळं ऐकलं. मान जिथं हलवायची तिथं हलवली, आणि तो संपवेपर्यंत हात काढून घेतले नाहीत.

गाडी वळल्यावर सिस्टरने विचारलं, एवढं काय सांगत होता?

"ते आता कसं सांगू," मावशी म्हणाल्या. "पण काही राहिलं नाही त्याचं. सगळं बोलला."

वर येऊन त्यांनी नऊ नंबरची चादर काढली, गादी उलटी केली, नवी चादर घालून चारी कोपरे दाबून बसवले. तेवढ्यात नवीन पेशंट आला. एक म्हातारी, मनगट मोडलेली, भेदरलेली. वेदनेने तिचा शब्द नीट उमटत नव्हता. सिस्टर फॉर्म घेऊन आली आणि नाव विचारू लागली.

"थांबा जरा," मावशी म्हणाल्या. त्यांनी स्टूल खाटेजवळ ओढलं, त्यावर बसल्या, आणि म्हातारीच्या तोंडाशी कान नेला.