जगात अट्ठावन्नावी

"तनया, ऑस्लोच्या कुठल्या हॉस्पिटलमध्ये असतेस गं तू?" वरदाताईंनी विचारलं, आणि माझं कुंकू लावणारं बोट त्यांच्या कपाळाशीच थांबलं.

आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. हॉलमध्ये चौदा बायका, पोर्चमध्ये चौदा जोड ओले बूट. पद्माकरना, म्हणजे आमच्या ह्यांना, वरच्या खोलीत पाठवलेलं. आमची मुलगी तनया तिळगुळाचा ट्रे घेऊन दाराशी उभी होती. खरं तर ती घरी असायचीच नव्हती. ब्रिटनच्या टीमची यादी लागली, तिचं नाव नव्हतं, म्हणून आदल्या संध्याकाळी एक बॅग घेऊन न कळवता आली. दार उघडलं तेव्हा मला आधी आठवलं की उद्या हळदीकुंकू आहे. आनंद मग झाला. त्या क्रमाची मला अजून लाज वाटते.

"हॉस्पिटल?" तनयाने माझ्याकडे पाहिलं.

तनया क्रॉस-कंट्री स्कीइंग करते. डोंगरावरून सुसाट खाली येतात ते नव्हे. ते निदान लोकांनी टीव्हीवर पाहिलेलं असतं. हिचं म्हणजे पायाला अरुंद पट्ट्या बांधून बर्फातून दहा-दहा, वीस-वीस किलोमीटर जायचं, चढसुद्धा स्वतःच्या दमावर. ब्रिटनमध्ये ती चार वेळा चॅम्पियन झाली. जगात तिचा सगळ्यात चांगला नंबर अट्ठावन्नावा. पहिल्या नंबराचे पेढे वाटता येतात. अट्ठावन्नाव्याचं काय वाटायचं?

ती आधी फिजिओथेरपीला होती. दुसऱ्या वर्षी ते सोडून नॉर्वेला गेली. इथल्या मराठी मंडळात सगळ्यांना 'फिजिओ' एवढं ठाऊक होतं. मी ते दुरुस्त केलं नाही. 'नॉर्वेत असते' म्हटल्यावर हॉस्पिटल लोकांनीच जोडलं, मी नुसती मान हलवली. "नाइट्स असतात का गं तिला?" मान. "पर्मनंट झाली का?" मान. आमच्या ओळखीत कुणाची मुलगी जीपी म्हणजे इथली फॅमिली डॉक्टर, कुणाचा जावई ब्रॅकनेलला मोठ्या आयटी कंपनीत. दहा वर्षांत मी मान हलवण्यात चांगलीच तयार झाले.

त्याआधीचंही एक आहे. ती सतरा वर्षांची असताना चाकं लावलेल्या स्कीजवर, हातात दोन लांब काठ्या घेऊन, सायकल ट्रॅकवर सराव करायची. आमच्या कॉव्हेंट्रीत बर्फ टिकतो तो कौन्सिलची, रस्त्यावरचा बर्फ वितळवणारी मिठाची गाडी येईपर्यंत, त्यामुळे चाकंच. एकदा वरदाताईंच्या गाडीतून आम्ही देवळात निघालो होतो. "ती काठ्या मारत चाललेली मुलगी आपल्यातली वाटते, कोण गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "कोण जाणे." तनयाने आम्हाला पाहून काठी उंच करून हलवली होती.

तर आता हॉलमध्ये सगळ्या तनयाकडे बघत होत्या. मला वाटलं, सांगेल आता. सांगू दे. तिने ट्रे टेबलावर ठेवला.

"छोटा हॉस्पिटल आहे, मावशी," ती म्हणाली. "नाव सांगितलं तरी तुम्हाला बोलता नाही येणार. मला पण नाही येत."

सगळ्या हसल्या. मीही हसले, हे लिहायला हवं.

"मग माझा गुडघा बघ बाई," शशीकाकू सोफ्यावरून म्हणाल्या. "इथे जीपीची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत मी वर पोचेन."

तनया त्यांच्यासमोर खाली बसली. काकूंनी पैठणी सावरून पाय पुढे केला. तिने दोन्ही हातांनी गुडघा धरून हळूच वाकवला.

"थोडी सुजली आहे, काकू. जिना उतरताना जास्त दुखते ना?"

"अगदी!"

"असा पाय सरळ करायचा, पाच मोजायचं, खाली. दहा वेळा. आणि खरंच जीपीकडे जा, प्लीज."

"हात बघ गं हिचा! किती धीराचा," काकू मला म्हणाल्या. "श्यामला, नशीब काढलंस."

तिच्या तळहातांवर काठ्यांचे घट्टे होते. काकूंनी तेही डॉक्टरी कष्टांच्या खाती जमा केले असावेत. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "वाण घ्यायला विसरू नका हं कुणी."

सगळ्या गेल्यावर तनया वाट्या घासायला लागली.

"दहा वर्षं, आई?"

"हं."

"पुढच्या वेळी लॉयर सांग. म्हणजे कोणाचे पाय बघावे नाही लागणार."

ती हसून म्हणाली, पण नळ जोरात सोडला होता. मी तिथेच, तिच्यासमोर, वरदाताईंना फोन लावला. "ताई, तनया फिजिओ नाही. कधीच नव्हती. ती स्कीइंग करते, चार वेळा ब्रिटनची चॅम्पियन आहे. मी लपवलं."

पलीकडून वरदाताई म्हणाल्या, "म्हणजे शशीने तो व्यायाम करू नये की काय?"

"करू दे. तो बरोबर आहे."

"आणि ती काठ्यावाली मुलगी… मी तेव्हाच ओळखलं होतं गं तनयाला. तू नाही म्हणालीस, म्हणून मी पुन्हा विषय काढला नाही."

फोन ठेवला तेव्हा तनया हात पुसत होती.

"तुझी पुढची रेस कधी आहे?" मी विचारलं. "मी येते. तिकीट काढ माझं."

"संपलं, आई. रविवारी लास्ट होती. मी सोडलं आता."

तिच्या रेसेस तिचे बाबा लॅपटॉपवर बघायचे. मी दर वेळी चहा ठेवायला उठायचे. एकही अख्खी पाहिलेली नाही.

"मग ती तरी दाखव."

"कॅमेरा पुढच्यांच्या मागे असतो गं. मी नाही दिसत त्याच्यात." तरी तिने फोन काढला. "हे मैत्रिणीने घेतलं. एंडचं फक्त."

चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. बर्फ पडतोय. एक आकृती वाकून वाकून येते, रेघ ओलांडते आणि तोंडावर पडते. उठत नाही. आजूबाजूने माणसं जात-येत राहतात. मग जांभळ्या कोटातली, माझ्याच वयाची एक बाई दोरीखालून वाकून आत येते, तिला उठवून बसवते, आपला कोट काढून तिच्या खांद्यांवर घालते.

"ही कोण?"

"माहीत नाही. कोणाची तरी आई."

मी पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला नीट दिसलं. त्या बाईला कोटाची बटणं लावायला वेळ लागत होता, तिची बोटं गारठली होती. हातमोजे तिने आधीच काढून तनयाला घातले होते.