धुळीचं तेवढं बघा

कुणाला काही स्पष्ट सांगायची वेळ आली की ग्रंथपाल नुसते खाकरायचे. वाचनालयात कुणी मोठ्याने बोलू लागलं, तर "शांत बसा" म्हणण्याऐवजी ते हळूच उठून त्या माणसाच्या डोक्यावरचा पंखा बंद करत. माणूस घामाघूम होऊन आपण होऊनच निघून जाई आणि जाताना, तुमचा पंखा बिघडलाय, असं सांगून जाई. ग्रंथपाल त्याचे आभार मानत.

अशा माणसाला फोटोग्राफीचा नाद लागावा यात नवल नव्हतं. कॅमेरा डोळ्याला लावला की समोरच्याशी बोलावं लागत नाही. त्यातही त्यांनी बंद पडलेले कारखाने आणि ओस गोदामं निवडली होती. तिथे समोर कुणी नसतंच.

गावाबाहेरचा छत्र्यांचा कारखाना त्यांना असाच सापडला. आत शिरले आणि हरखून गेले. जमिनीवर पाऊल रुतावं इतकी धूळ, छत्र्यांच्या मुठींनी भरलेल्या पेट्या, गंजून एकमेकांना चिकटलेल्या काड्या. आणि शेवटच्या दालनात, छपराला भोक पडलं होतं तिथे, तारेला उलटा टांगलेला छत्रीचा एक सांगाडा. त्याच्या काडीकाडीत कोळ्यांनी जाळं विणलं होतं, इतकं नेटकं की कारखान्याने सोडून दिलेलं काम त्यांनीच पुरं करत आणलंय असं वाटावं. वरून उन्हाची तिरीप थेट त्यावर पडली होती. ग्रंथपालांनी श्वास रोखून कॅमेरा लावला, आणि बॅटरी संपली. ती त्यांनी दाराच्या बिजागऱ्यांचे फोटो काढण्यात खर्च केली होती.

तरी त्यांनी छायाचित्र मंडळाच्या चिटणिसांना त्या छत्रीबद्दल सांगितलं. आजवर मंडळाच्या प्रदर्शनात त्यांचा फोटो दाराआड लागायचा. दार उघडं असलं की तो झाकला जायचा आणि प्रदर्शनात दार उघडंच असतं. पण कोळ्याच्या छत्रीचं वर्णन ऐकून चिटणीस खुर्चीत सरसावून बसले.

"मधली भिंत तुमची," ते म्हणाले. "पण फोटो वेळेत हवा. भिंत रिकामी राहिली तर माझी नाचक्की होईल."

मधली भिंत. ग्रंथपालांना त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी त्यांनी कारखान्याच्या पहारेकऱ्याला फोन लावला. तो त्याच्या बायकोने उचलला.

"सुट्टीच्या दिवशी येतो म्हणावं," ग्रंथपाल म्हणाले. "आतले फोटो काढायचे आहेत."

"या की. केव्हाही या."

आता खरं सांगायचं होतं ते एवढंच, की कशालाही हात लावू नका. पण एका बाईला, तुमच्याकडची जळमटं मला फार आवडली, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? ग्रंथपाल खाकरले, पुन्हा खाकरले.

"वहिनी, ते... धुळीचं तेवढं बघाल ना?"

पलीकडे बांगड्या मागे सारल्याचा आवाज आला.

"बघते," ती म्हणाली.

ग्रंथपालांनी फोन ठेवला आणि आपण किती स्पष्ट बोललो म्हणून स्वतःवरच खूश झाले.

सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर त्यांची बायकोही निघाली. कॅमेऱ्याची तिवई तिच्या खांद्यावर होती, कारण ग्रंथपालांच्या खांद्यावर ती टिकत नसे. कारखान्याचं फाटक उघडलं आणि आतून साबणाचा वास आला.

"अहो," बायको म्हणाली, "तुमचा तो ओसाड कारखाना हाच का?"

फरशी चकचकत होती. तिच्यात माणसाचं तोंड दिसलं असतं, आणि ग्रंथपालांचं दिसतही होतं. ते पांढरंफटक पडलं होतं. यंत्रांना तेलपाणी झालं होतं. मुठींच्या पेट्या उतरंडीसारख्या रचून ठेवल्या होत्या. पहारेकऱ्याची बायको पदर खोचून उभी होती आणि पहारेकरी इस्त्रीच्या गणवेशात.

"साहेब, तुमचं बोलणं फार लागलं मला," ती म्हणाली. "म्हटलं, बाहेरचा माणूस येतो आणि आपल्याला धुळीचं सांगतो. ह्यांनाही कामाला लावलं. आता बोट फिरवून दाखवा कुठेही."

ग्रंथपालांनी एका यंत्रावरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ निघालं. त्यांनी ते खिशात घातलं.

"आणि ती... शेवटच्या दालनात एक छत्री होती..."

"ती होय. नुसता सांगाडा लोंबत होता, वर ही एवढी जळमटं. थांबा, आणते."

तिने आणली. सांगाडा घासूनपुसून लख्ख केला होता आणि त्यावर फुलाफुलांचं कापड शिवलं होतं.

"आमच्या जुन्या पडद्याचं आहे. शोभतंय ना?"

"शोभतंय," ग्रंथपाल म्हणाले. कुणाकडे समाचाराला गेलेला माणूस बोलावा तसा त्यांचा आवाज लागला होता.

"मी इथे उभा राहू की तिकडे?" पहारेकऱ्याने विचारलं.

"तुम्ही कशाला उभे राहताय?"

"वा. रिकाम्या कारखान्याचा फोटो बघून मालक म्हणतील, पहारेकरी कुठे उलथला?"

त्याची बायको चहा टाकायला गेली आणि पहारेकरी टोपी घासायला. तेवढ्यात ग्रंथपालांच्या बायकोने त्यांना खांबाआड ओढलं.

"नक्की काय सांगितलं होतंत तिला?"

"धुळीचं तेवढं बघा, असं."

"मग बघितलं की तिने. आता तरी तोंड उघडा."

"कसं उघडू? तिची कंबर गेली असेल. आणि उद्या सकाळी फोटो द्यायचाय गं. मधली भिंत आहे."

"मग बसा भिंतीकडे बघत," असं म्हणून बायकोने कॅमेरा गळ्यात अडकवला आणि ती खिडक्या बघायला गेली.

ग्रंथपालांची नजर मागच्या दाराकडे गेली. बाहेर झाडून काढलेल्या कचऱ्याचा ढीग होता. कारखान्याची सगळी जुनी धूळ तिथे निमूट पडली होती. शेजारी एक टोपलीही होती.

माणूस एरवी भित्रा असला तरी भीतीपोटी मात्र काय वाटेल ते करतो. ग्रंथपालांनी टोपली भरली, कमरेवर घेतली आणि फरशीवर मुठीमुठीने धूळ टाकू लागले. पण ती धड पसरेना. गुठळ्या गुठळ्या होऊन पडायला लागली, जसं काही कुणी कोंबड्यांना दाणे टाकलेत. मग त्यांनी वरून उधळून पाहिली. ती त्यांच्याच डोक्यावर आली. तेवढ्यात मागून आवाज आला.

"साहेब, हे काय चाललंय?"

पहारेकऱ्याची बायको दारात उभी होती. हातातला चहा तिने यंत्रावर ठेवला आणि कोपऱ्यातला झाडू उचलला.

आजूबाजूला बंद करण्यासारखा एकही पंखा नव्हता. ग्रंथपाल खाकरले, आणि ही खाकर खरी होती, कारण घशात धूळ होती.

"वहिनी," ते म्हणाले, "मला धूळ हवी होती. जळमटंही हवी होती. धुळीचं बघा म्हणजे ती जाऊ देऊ नका, असं म्हणायचं होतं मला. ते मला सांगता आलं नाही. चूक माझी आहे."

"धूळ हवी होती?" ती झाडू घेऊन पुढे आली. "अहो, फोनवर एवढं बोलता येत नव्हतं? मी गुडघे टेकून फरशी घासली. माझा पडदा फाडला. नुसती मागितली असतीत तर घरची आणून दिली असती."

टोपी घालून परत आलेल्या पहारेकऱ्याने डोक्यापासून पायापर्यंत राखाडी झालेले साहेब बघितले, आपल्या बायकोचा अवतार बघितला, आणि तो हसत हसत खालीच बसला. इस्त्रीचा विचारही त्याला सुचला नाही. ग्रंथपालांनी एक हात वर केला, टोपली सांभाळायला की झाडू चुकवायला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. खिडकीपाशी कॅमेऱ्याचा खटका वाजला.

चहा मात्र सगळ्यांनी बसून प्यायला. त्याआधी ग्रंथपालांना सगळी फरशी पुन्हा झाडावी लागली, आणि कोपरे नीट निघत नाहीत म्हणून दोनदा बोलणी खावी लागली.

दुसऱ्या दिवशी ते चिटणिसांपुढे उभे राहिले. "माझ्याकडे फोटो नाही," ते म्हणाले. "बायकोकडे आहे."

हेही त्यांनी एका दमात सांगितलं. तोंड एकदा उघडल्यावर पुन्हा मिटायला थोडा वेळ लागत असावा.

प्रदर्शनात मधल्या भिंतीवर तो फोटो लागला. खाली त्यांच्या बायकोचं नाव. आरशासारखी फरशी, तिच्यावर टोपली कवटाळून उभा एक धुळकट माणूस, झाडू उगारलेली बाई आणि पोट धरून बसलेला पहारेकरी. लोक हसत होते, शेजाऱ्याला ओढून आणून दाखवत होते. मंडळाच्या प्रदर्शनात इतकी गर्दी कुणी पाहिली नव्हती. बायको चिटणिसांना, पुढच्या वर्षी आपण काय काढणार आहोत, ते सांगत होती.

ग्रंथपाल सकाळपासून फोटोच्या शेजारीच घोटाळत होते.

"काका, जरा बाजूला व्हा," एक पोरगी म्हणाली. "आम्हाला फोटो दिसत नाहीये."

ग्रंथपाल झाले बाजूला. पण फार नाही. फोटोवरून नजर काढून कुणी सहज वळलं असतं, तर फोटोतला माणूस समोरच दिसला असता, एवढंच.