बोलून बघा

टॅबच्या काळ्या काचेच्या वरच्या कडेला एक बारीक डोळा होता. मिस्त्रींनी आधी त्याच्यावर अंगठा ठेवला आणि मगच वाकून आत पाहिलं.

"बाबा, कॅमेरा आहे तो," सून म्हणाली.

"कळतंय मला. म्हणूनच झाकला."

काउंटरपलीकडच्या विक्रेत्याने कपाळावर चढवलेला चष्मा नाकावर आणला आणि विचारलं, "कशासाठी हवाय? म्हणजे मी तसा दाखवतो. मुलांचा अभ्यास, सिनेमे, की ऑफिसचं काम?"

"दुकानासाठी," सून घाईने म्हणाली.

झालं. सकाळपासून हेच एक उत्तर मिस्त्री ऐकत होते. त्यांचं दुकान शिलाई मशीनच्या दुरुस्तीचं. तिथे लागतो स्क्रू ड्रायव्हर, तेलाची कुपी, जुनं धोतर फाडून केलेली फडकी आणि शांत डोकं. टॅब घेऊन तिथे काय करायचं होतं, त्याने मशीन पुसायचं? बरं, घ्यायचा तर घ्या म्हणावं, पण त्यासाठी म्हाताऱ्याला रिक्षात घालून इथवर आणायची काय गरज होती? ताकाला जाऊन भांडं लपवायची ही तऱ्हा मिस्त्रींना चांगली ठाऊक होती.

संशय काही आजचा नव्हता. बरेच दिवस झाले, मुलगा बदलला होता. दुकानात दोघांची टेबलं पाठीला पाठ लावून होती. आधी दिवसभर गप्पा, टोमणे, गिऱ्हाइकांच्या नकला चालायच्या. आता मिस्त्रींनी मशीनमध्ये मान घालून काही विचारलं, की मागून उत्तरच येत नसे. दुसऱ्यांदा विचारलं तरी नाही. भिंतीशी तरी किती बोलायचं, म्हणून मग मिस्त्रींनीही तोंड शिवून घेतलं. मुलाचा फोन वाजला की सून उचलायची. दुपारी दुकान त्यांच्यावर टाकून दोघं कुठेतरी जायची आणि विचारलं की म्हणायची, "काम होतं."

त्यात मुलाने दुरुस्त केलेलं एक मशीन परत आलं. दुरुस्त झालेलं मशीन दोरा न ओवता चालवायचं, डोळे मिटायचे आणि ऐकायचं, ही त्या दुकानाची रीत. आतून एकसारखा सूर आला तरच ते गिऱ्हाइकाला द्यायचं. 'ज्याला कान नाही त्याने मशीन उघडू नये' हे मिस्त्री येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. आणि मुलाने पास केलेल्या मशीनमध्ये ठोका होता. कुणी दार ठोठावावं इतका उघड ठोका. गिऱ्हाईक गेल्यावर मिस्त्री कितीतरी वेळ त्या मशीनकडे बघत बसले. पोराचं मन उडालंय, हे त्यांना त्या दिवशी कळलं. शेजारचा मोबाइलवाला दोनदा विचारून गेलाच होता, जागा देताय का म्हणून. दोन आणि दोन चार करायला फार शिकावं लागत नाही.

दुकान गेलं तर आपण सकाळी उठून जायचं कुठे? पण ते कुणाला सांगणार?

"पेनवाला दाखवू?" विक्रेत्याने विचारलं. "चित्रं काढता येतात."

"पेन नको," सून म्हणाली. "माइक कसा आहे याचा? लांबचा आवाज पकडतो का?"

मिस्त्रींच्या मनात पाल चुकचुकली.

"आणि बोललेलं लिहून दाखवतो ना? लगेच? अक्षरं मोठी होतात?"

"सगळं होतं, ताई." विक्रेत्याने काचेवर दोनचार ठिकाणी बोट टेकवलं, मग टॅब मिस्त्रींपुढे धरला. "आजोबा, काहीही बोला. बोलून बघा."

"घसा बसलाय."

"एक, दोन, तीन म्हणा नुसतं."

"तुम्हीच म्हणा की. तुम्हाला येतात ना आकडे?"

विक्रेत्याने बिचाऱ्याने आकडे म्हटले. काचेवर शब्द भराभर उमटले. सुनेने ते वाचले, पण तिचं समाधान झालं नाही. "बाबा, तुमचाच आवाज हवा होता हो," ती अजिजीने म्हणाली. "एक वाक्य बोला. माझ्यासाठी."

आता मात्र हद्द झाली. आज आवाज घेतील, उद्या कुणाला तरी ऐकवतील. बघा, म्हातारा स्वतःच्या तोंडाने दुकान द्यायला हो म्हणतोय. मिस्त्रींनी ओठ असे मिटले की सुई शिरली नसती.

मुलगा इतका वेळ बाजूला स्टँड बघत उभा होता. त्याने येऊन सुनेच्या हातून टॅब घेतला आणि तो उजेडात वाचता येतो का ते पाहायला दाराकडे तोंड करून उभा राहिला. ती रुंद, गप्प पाठ पाहून मिस्त्रींच्या डोक्यात तिडीक गेली. ते दोन पावलं पुढे झाले आणि दबक्या आवाजात त्या पाठीला म्हणाले,

"दुकान विकायचंय ना तुला? मग तोंडावर सांग. बापाला कशाला नाचवतोस?"

मुलगा हलला नाही. मान वळली नाही, खांदासुद्धा नाही. मग त्याच्या हातातल्या काचेवर अक्षरं उमटू लागली. मिस्त्रींना ती खांद्यावरून दिसली, त्यांचीच वाक्यं, एकामागून एक. मुलाची मान हळूहळू खाली झुकली. त्याने ती वाचली, पुन्हा वाचली, आणि तेव्हा कुठे तो गर्रकन वळला.

"दुकान विकायचंय असं कोण म्हणालं?"

"मी बोललो तेव्हाच का नाही वळलास?"

मुलाने आधी त्यांच्या ओठांकडे पाहिलं, मग काचेकडे.

मिस्त्रींनीही काचेकडे पाहिलं.

"यांना ऐकू येत नाही, बाबा," सून म्हणाली. तिने हे इतके दिवस कसं दाबून ठेवलं होतं ते तिच्या आवाजावरून कळत होतं. "डावा कान पूर्ण गेलाय, उजवाही जातोय. दुपारी आम्ही डॉक्टरकडेच जायचो. कानातलं यंत्र लावून पाहिलं, आवाज मोठा येतो पण शब्द कळत नाहीत. समोरून बोललं की ओठांवरून यांना थोडं समजतं. तुम्ही तर पाठमोरे बोलता."

"मला का नाही सांगितलंस?" मिस्त्रींनी मुलाला विचारलं. बोलून झाल्यावर वाट पाहावी लागते, हे ते त्याच क्षणी शिकले.

मुलाने वाचलं. "सांगितलं असतं तर मला मशीन उघडू दिलं असतंत?"

दिलं नसतं. हे मिस्त्रींना ठाऊक होतं, मुलाला ठाऊक होतं आणि सुनेलाही. विक्रेता उगीचच एक खोका उघडून पुन्हा बंद करू लागला.

मिस्त्रींनी खिशातून रुमाल काढला. नाक पुसलं, चेहरा पुसला. मग मुलाच्या हातातून टॅब घेतला आणि काउंटरवर ठेवला.

"इथे शांत आहे म्हणून लिहितोय हा," ते विक्रेत्याला म्हणाले. "आमच्याकडे दिवसभर मशीन चालतं. ते भिंतीवरचे टीव्ही लावा सगळे. मोठ्याने."

"आजोबा, बाकीची गिऱ्हाइकं..."

"दोन मिनिटं सोसतील."

टीव्ही लागले. एकात बातम्या, एकात नाचगाणं, एकात क्रिकेट. मिस्त्री टॅबपासून दुकानातल्या टेबलाइतके लांब जाऊन उभे राहिले, वाकले, आणि रोज बोलत तसेच बोलले. टॅबने निम्मं त्यांचं लिहिलं, निम्मं बातम्यांचं.

"हा बाद. दुसरा आणा."

दुसऱ्याने काहीच लिहिलं नाही. तिसरा जरा जाड होता, सुनेला आवडलाही नव्हता. मिस्त्री पुन्हा लांब गेले.

"परत आलेलं ते मशीन उद्या तू उघड," ते म्हणाले. "हात तुझे चांगले आहेत. ऐकायला मी आहे."

अक्षरं उमटली. सगळी, मोठी, जिथल्या तिथे. मुलगा ती वाचत राहिला. वाचायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ वाचत राहिला. सुनेने तोंड दुसरीकडे फिरवलं. विक्रेत्याने टीव्ही बंद केले आणि हलकेच विचारलं, "मग हाच बांधू का?"

मुलाचं लक्ष काचेवरच होतं. मिस्त्री त्याला मागून हाक मारणार होते. तोंड उघडलंही होतं. पण ते थांबले, काउंटरला वळसा घालून पलीकडे गेले, विक्रेत्याला सरकवून मुलाच्या अगदी समोर उभे राहिले आणि त्याने मान वर करेपर्यंत तसेच राहिले. मग सावकाश म्हणाले,

"हाच घ्यायचा का?"

"मला काय विचारता, बाबा?" मुलगा म्हणाला. "बोलायचं तुम्हाला आहे."