कुलूप लावलेल्या टेलिफोनची जबानी

मी टेलिफोन बोलतोय. खरं तर मी कधीच बोललो नाही, जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं वाहिलं. आता माझी लाइन कापली आहे, अंगही थकलंय. एवढं ऐकून घ्या.

१९९८ साली मालवणजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात, वॉचमनच्या केबिनमध्ये मला बसवलं. काळा, गोल डायलचा मी. कारखान्याच्या मालकांना सगळे भाई म्हणत. त्यांनी त्याच दिवशी डायलच्या भोकात बोटाएवढं कुलूप अडकवलं आणि किल्ली घरी नेली. वॉचमन फुकटचे फोन करतात, हे त्यांचं ठाम मत. बाहेरून आलेला फोन तेवढा घ्यायचा.

पावसाळ्यात होड्या बंद, मग बर्फ कोणाला हवा? कामगार घरी जात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत मागे राहत वॉचमन सत्यवान आणि मी. बदलीला माणूस नाही, औषधाची पेटी नाही. रोज संध्याकाळी सातला भाईंचा फोन.

"सत्यवान, आसस मा रे?"

"आसंय, भाईनू."

झाली काळजी घेऊन!

२००२च्या जुलैत वाऱ्याने छपराचा पत्रा उचकटला. भाईंनी फोनवरच सांगितलं, "चढ आणि बांधून टाक." दुसऱ्या दिवशी दुपारी सत्यवान चढला. शिडी धरायला कोणी नव्हतं. चारच्या सुमाराला धाडकन आवाज झाला.

तो कोपरांवर सरपटत केबिनमध्ये आला. वायर ओढून त्याने माझा रिसिव्हर खाली पाडला, काठीने मलाही टेबलाच्या कडेपर्यंत ओढलं. बोटं डायलवर चाचपडली. कुलूप काही हललं नाही. मग तो रिसिव्हरमध्येच बोलला, "कोण आसा काय थंय? माका उचला रे."

पलीकडे कोणीच नव्हतं. सातचा फोन यायला हवा तर रिसिव्हर जागेवर हवा, हे त्याला कळत होतं. त्याने फार धडपड केली. पण कमरेखालचं अंग हलेना आणि हात डायलच्या वर, रिसिव्हर ठेवायच्या खाचेपर्यंत पोचेना. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

सातला भाईंना एंगेज लागला. आठलाही तेच. त्यांचं घर स्कूटरने दहा मिनिटांवर. पण त्यांना वाटलं, पठ्ठ्याने कुलूप उघडलं आणि गप्पा छाटतोय. उद्या हाकलतोच, म्हणून ते जेवून झोपले. हे त्यांनीच पुढे सगळ्यांना सांगितलं.

सकाळी ते ओरडतच आत आले, "रातभर कोणावांगडा बोलतंस रे?"

सत्यवान केव्हाच थंड झाला होता.

त्याची बायको रुक्मिणी आली. ती रडली नाही. कुलपाकडे बघत म्हणाली, "एक फोन करूक दिलो असतो, तर तुमचा काय जाणार होता?"

चार दिवसांनी चौकशीला सरकारी साहेब आले. त्याआधी कुलूप निघालं होतं. एकट्या माणसाला छपरावर का चढवलं, मदत मागायची सोय काय होती, असं साहेबांनी विचारलं.

"फोन होता ना, साहेब," भाई म्हणाले.

साहेबांनी रिसिव्हर कानाला लावला आणि लिहून घेतलं, 'टेलिफोन चालू आहे.'

मी नुसता घुंई करत राहिलो. दुसरं मला येतच नव्हतं.

आता २०१० आहे. नव्या वॉचमनकडे मोबाइल आहे, मी फळीवर पडून आहे. पावसाळ्यात तोही एकटाच असतो. माझं एकच मागणं आहे. त्याचा फोन एंगेज लागला, तर चिडू नका. चपला घाला आणि निघा.