टीव्हीचा ताप

चपला काढण्याआधी सरिताने टीव्हीच्या पाठीवर तळहात ठेवला. साडेपाचला शिवणवर्गाहून आली की रोज ती असा त्याचा ताप बघायची.

“गरम आहे. किती वेळ चालू होता?”

“मी आत्ताच आले, आई.”

वेदिकाचं दप्तर अजून पाठीवरच होतं. शाळेत कवायत लांबली होती. पण पुरावा हाताला चटका देत असताना दप्तराकडे कोण बघतं?

एरवी वेदिका सापडणाऱ्यातली नव्हती. पाचला कार्टून लावायचं, अस्वल मधाच्या पोळ्याशी पोचलं की बंद करायचं आणि ओला फडका घालून टीव्ही थंड करायचा. तोच भाग दोन वर्षांत पन्नासदा लागला, पण शेवट तिने एकदाही पाहिला नव्हता. हे दुःख फक्त बाबांना ठाऊक होतं. बाबा अंबडच्या कंपनीत. सातला डबा घेऊन निघत, सहाला परतत.

“मग काय, टीव्हीने स्वतःच कार्टून पाहिलं?”

वेदिका उत्तर देणार, तोच तिला खुर्चीच्या हातावर बाबांचा चष्मा दिसला. सकाळी तो लावूनच ते जिना उतरले होते.

तिने दप्तर धाडकन खुर्चीवर टाकलं आणि चष्मा मुठीत घेतला.

“मीच बघितलं,” ती म्हणाली.

“आठ दिवस टीव्ही बंद.”

सहाला बाबा आले. वेदिकाचा एक पाय दुसऱ्या पायावर घासत होता.

“चष्मा कुठंय?” सरिताने विचारलं.

“कंपनीत राहिला. मशीनवर.”

“डोकं आणलंत ना, मग झालं.”

सरिता कणीक मळायला आत गेली, तेव्हा वेदिकाने चष्मा गुपचूप डब्याच्या पिशवीत सरकवला. बाबांनी तो काढला आणि ते सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसत बसले. काचा तर स्वच्छच होत्या.

जेवताना ते ताटाकडे बघत हळूच म्हणाले, “अस्वल पडतं. मध मिळत नाही.”

“मग?”

“मग काय. दुसऱ्या दिवशी परत झाडाखाली हजर.”

सकाळी सातला बाबा डबा घेऊन जिना उतरले. नंतर आईही शिवणवर्गाला गेली. वेदिकाने फडका भिजवला, घट्ट पिळला आणि शाळेला निघताना खुर्चीच्या हातावर नीट घडी करून ठेवला.